प्लॅस्टिकमधल्या नाण्याचा फोटो

जुन्या नाण्यांच्या धंद्यात आता बरेचसे सौदे फोटोवरच ठरतात. गेल्या वर्षी आम्ही राणी व्हिक्टोरियाचा १८४० सालचा चांदीचा रुपया परगावच्या एका संग्राहकाला पाठविला. आठवड्याभरात तो परत आला. राणीच्या गालावर पुसल्याच्या बारीक रेघा आहेत, त्या फोटोत नव्हत्या, अशी त्यांची तक्रार. रेघा खरोखरच होत्या. आमचा हेतू स्वच्छ होता, पण प्रकाशयोजना चुकली होती. पैसे परत केले, टपालखर्चही आम्हीच सोसला.

नाणे उघडे असेल तर काम सोपे असते. अमेरिकेत १९८६-८७ पासून सुरू झालेल्या पीसीजीएस व एनजीसीसारख्या संस्था नाणे तपासून, ७० पैकी दर्जा देऊन कडक प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बंद करतात. होल्डर फोडला की तो दर्जाही गेला. म्हणजे फोटो प्लॅस्टिकमधूनच काढावा लागतो.

हे प्लॅस्टिक आरशासारखे वागते. कॅमेरा बरोबर वर धरला की छताची ट्यूब, आपला पांढरा सदरा, खुद्द मोबाईलसुद्धा नाण्यावर उमटतो. म्हणून ट्यूब बंद करावी आणि काळ्या कागदाला भिंगापुरते भोक पाडून तो मोबाईलला लावावा. दोन दिवे घड्याळातल्या दहा व दोनच्या जागी ठेवावेत. दिवा फार वर नेला तर त्याचे प्रतिबिंब दिसते, फार खाली आणला तर प्लॅस्टिकवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. पडद्यावर पाहत दिवा हळूहळू सरकवावा, दुसरा उपाय नाही. दोन्ही दिवे एकाच जातीचे असावेत व खिडकी बंद असावी, नाहीतर चांदी पितळेसारखी दिसते.

मोबाईल नाण्याला चिकटवू नये, सावली पडते. फूटभर दूर राहून दुप्पट झूम करावे. कॅमेरा पुष्कळदा नाणे सोडून वरच्या प्लॅस्टिकवर स्थिरावतो, तेव्हा पडद्यावर नाण्यावरच बोट टेकवावे आणि सालाचे आकडे स्पष्ट आले का ते मोठे करून पाहावे. भोवतालच्या पांढऱ्या चौकटीमुळे नाणे काळपट येते. उजेड थोडा वाढवावा.

आता आमची चूक. चकाकी मारण्यासाठी आम्ही दिव्यांपुढे बटर पेपर लावला होता. फोटो सुरेख आला, पण अशा मऊ प्रकाशात पुसल्याच्या रेघा नाहीशा होतात. म्हणून आता दुसरा फोटोही काढतो: कागद काढून, एकच दिवा, होल्डर किंचित कलता. रेघ नाण्यावर आहे की प्लॅस्टिकवर, हेही इथेच कळते. होल्डर हलविला की प्लॅस्टिकवरची रेघ नाण्यावरून सरकते, नाण्यावरची जागेवर राहते. दुसरा फोटो पाहून काही गिऱ्हाइके भाव पाडतात. पाडू देत, माल परत येण्यापेक्षा ते बरे.

तिसरा फोटो लेबलचा. त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. मात्र खरे क्रमांक घातलेले बनावट होल्डरही बाजारात आहेत, तेव्हा क्रमांक जुळला तरी नोंदीतले साल, प्रकार आणि समोरचे नाणे एकच आहे ना, हे पाहावे. खरेदी करताना क्रमांकावर बोट ठेवलेला फोटो आला, तर आम्ही दुसरा मागवतो.