सीआरपी वाढला म्हणजे लकवा मारणार का?

खासगी लॅबच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये हल्ली सीआरपी ही तपासणी हमखास असते. कोरोनाच्या काळात हे नाव घराघरांत पोहोचले. आता रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला दिसला की वस्त्यांमधील माणसे घाबरून विचारतात, “लकवा मारेल का?” म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. १९३० साली अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. जंतुसंसर्ग किंवा जखम झाली की ते झपाट्याने वाढते. मात्र धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह आणि हिरड्यांचे जुने आजार यांमुळे शरीरात मंद दाह वर्षानुवर्षे सुरू राहतो. त्याने रक्तवाहिनीच्या आतील चरबीचा थर कमकुवत होतो. तो फुटला की रक्ताची गुठळी बनते, मेंदूचा रक्तपुरवठा अडतो आणि पक्षाघात होतो.

१९९७ मध्ये पॉल रिडकर यांच्या गटाने अमेरिकेतील पुरुष डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सीआरपी सर्वाधिक असलेल्या गटात पक्षाघाताचा धोका सर्वात कमी सीआरपी असलेल्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. पण पुढे जनुकीय अभ्यासांनी दाखवले की, जन्मतःच सीआरपी थोडा जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा धोका त्यामुळे वाढत नाही. म्हणजे सीआरपी ही दाहाची खूण आहे, आजाराचे मूळ नव्हे. नुसता आकडा खाली आणून भागत नाही, दाहाचे कारण शोधावे लागते.

या कामासाठी ‘एचएस-सीआरपी’ ही सूक्ष्म तपासणी लागते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा जास्त म्हणजे अधिक. १० च्या वर आकडा गेला तर बहुधा सर्दी-ताप, संसर्ग किंवा दुसरा आजार असतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे आणि बरे झाल्यावर तपासणी पुन्हा करावी.

पक्षाघाताचे सर्वात मोठे कारण आजही उच्च रक्तदाब हेच आहे. त्याच्या तपासणीला पॅकेज लागत नाही. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. आशाताईंकडे चौकशी करा. सुरू असलेली गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. तंबाखू, बिडी आणि दारू सोडा.

आणि तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत किंवा अंगारा-धुपारा करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.