खेळाडू जखमी झाला की बातमीत ‘वचपा’ का येतो? एका हॉकी सामन्याची 21 दिवसांची गोष्ट

मराठी क्रीडापानांचे काही ठरलेले शब्द आहेत. धुव्वा उडवला, लोळवलं, पाणी पाजलं आणि सगळ्यांचा लाडका, वचपा काढला. वाचणाराही ते फार मनावर घेत नाही. मागच्या वेळी हरलो होतो, या वेळी जिंकलो, एवढाच त्याचा अर्थ.

पण समोरच्या संघामुळे आपला खेळाडू जखमी झाला असेल आणि तेव्हाही बातमीत हाच शब्द आला, तर गोष्ट बदलते. पराभवाचा वचपा गोल करून काढता येतो, धावा करून काढता येतो. दुखापतीचा वचपा धावफलकावर निघत नाही, तो निघतो कुणाच्या तरी अंगावर.

हे कसं घडतं ते बघायला 2004 सालच्या कॅनडात जावं लागतं.

तिथली हॉकी म्हणजे आपल्या ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फाचं मैदान, पायात स्केट्स, चेंडूऐवजी पक नावाची कडक रबरी चकती. एकमेकांना खांद्याने धडक देणं नियमात बसतं. आणि आपल्याला सगळ्यात विचित्र वाटेल अशी गोष्ट म्हणजे, दोन खेळाडूंनी हातमोजे टाकून मारामारी केली तर त्यांना साधारणपणे पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि खेळ पुढे चालू. कॅनडात या खेळाला आपल्याकडच्या क्रिकेटचं स्थान आहे.

16 फेब्रुवारी 2004. एनएचएल या लीगमध्ये व्हँकुव्हर कॅनक्स विरुद्ध कोलोराडो अ‍ॅव्हलांच असा सामना होता. व्हँकुव्हरचा कर्णधार, स्वीडनचा मार्कस नॅसलंड पककडे झेपावत असताना कोलोराडोच्या स्टीव्ह मूरने त्याला धडक दिली. धडक डोक्याला लागली. नॅसलंडच्या मेंदूला मार बसला, कोपरालाही इजा झाली आणि तो तीन सामन्यांना मुकला. पंचांनी फाउल दिला नाही. लीगने नंतर तपासून पाहिलं आणि धडक नियमात बसते असं सांगितलं.

मूर तेव्हा 25 वर्षांचा होता. हार्वर्ड विद्यापीठात शिकलेला, संघात जागा पक्की करायला धडपडणारा. नॅसलंड म्हणजे व्हँकुव्हरचा हिरो. एका साध्या खेळाडूने आपल्या कर्णधाराला आडवं केलं, हे व्हँकुव्हरच्या मंडळींना पचलं नाही. प्रशिक्षक मार्क क्रॉफर्ड जाहीरपणे पंचांवर आणि मूरवर घसरला. ब्रॅड मे या खेळाडूने तर मूरच्या डोक्यावर इनाम लागलंय अशा अर्थाचं विधान केलं. हे सगळं पत्रकारांसमोर बोललं गेलं, आणि बातम्यांमधूनच ते घराघरांत पोचलं.

बातमीने काय केलं?

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ‘मूरला मारा’ असं उघड लिहायची बातमीला गरजच पडत नाही. ‘आज हिशेब होणार का?’ एवढा प्रश्न विचारला तरी काम भागतं. प्रश्न विचारणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, पण उत्तर देण्याची जबाबदारी मैदानावरच्या खेळाडूवर जाऊन पडते. हिशेब झाला नाही तर तो भित्रा ठरतो. स्टेडियम भरतं, टीव्हीसमोर गर्दी होते, आणि त्या रात्री प्रेक्षक गोल बघायला बसलेला नसतो.

दोन्ही संघांची पुढची गाठ 3 मार्चला होती. वातावरण इतकं तापलं होतं की लीगचे आयुक्त गॅरी बेटमन स्वतः सामन्याला हजर राहिले. सामना 5-5 बरोबरीत सुटला, काहीच घडलं नाही. प्रकरण तिथेच संपायला हवं होतं.

8 मार्चला व्हँकुव्हरमध्ये पुन्हा सामना झाला. सुरुवातीलाच व्हँकुव्हरच्या मॅट कुकने मूरला मारामारीसाठी बोलावलं, मूर सामोरा गेला. या खेळाच्या अलिखित रिवाजाप्रमाणे फिटंफाट झाली होती. पण शेवटच्या सत्रात कोलोराडो 8-2 असा पुढे असताना टॉड बर्टुझी मूरच्या मागे लागला. मूर वळत नाही हे बघून त्याने मागून जर्सी धरली, डोक्यावर ठोसा मारला आणि त्याला तोंडावर बर्फात पाडलं. वरून आणखी खेळाडू येऊन पडले. मूर सुमारे दहा मिनिटं तसाच पडून होता. त्याच्या मानेचे तीन मणके मोडले होते, मेंदूलाही जबर मार लागला होता.

मूर पुन्हा कधीच एनएचएलमध्ये खेळला नाही.

नॅसलंड गमावलेल्या तीन सामन्यांनंतर परत आला होता, हे इथे आठवायला हवं. 21 दिवस ज्याच्या नावाने आग धुमसत होती, तो माणूस बरा होऊन खेळत होता.

दोन दिवसांनी बर्टुझीने रडत रडत माफी मागितली. त्याच्यावर बंदी आली, ती ऑगस्ट 2005 मध्ये उठली. व्हँकुव्हर संघाला अडीच लाख डॉलरचा दंड झाला. फौजदारी खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला आणि एक वर्षाची देखरेख व 80 तासांची समाजसेवा एवढ्यावर सुटला. मूरने भरपाईचा दावा लावला. तिथे बर्टुझीने बोट प्रशिक्षकाकडे दाखवलं, प्रशिक्षकाने हात झटकले. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, दावा तडजोडीने मिटला आणि रक्कम गुप्त राहिली. इनामाची भाषा गावभर पोचवणाऱ्यांपैकी मात्र कुणालाच कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

या सगळ्या गदारोळात खरा प्रश्न मागे पडला. डोक्याला लागणारी धडक नियमात का बसते? मूर दोषी की निर्दोष यापेक्षा हा प्रश्न मोठा होता, पण त्यात खलनायक नव्हता, त्यामुळे मसालाही नव्हता. लीगने असा नियम आणला तो थेट 2010 मध्ये, मार्क सावार्ड या खेळाडूच्या डोक्याला तशीच धडक बसल्यावर. ती धडक देणारा कोण, तर मॅट कुक. तोच, ज्याने 2004 मध्ये मूरशी हिशेब चुकता केला होता.

हे आपल्याकडे घडलं तर?

एनएचएल लांब राहिलं. समजा, मेहकर किंवा मलकापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात कबड्डीचा सामना आहे. चढाई करणाऱ्याचा पाय पकडीत मुरगळला आणि मोडला. पंधरा सेकंदांची क्लिप बुलढाणा जिल्ह्यातल्या ग्रुपांवर फिरते, खाली कुणीतरी लिहितं, ‘हिशेब बाकी आहे’. क्लिपमध्ये पकड नियमात होती का, मॅट कशी होती, डॉक्टर किती वेळाने आला, यातलं काहीच नसतं. फक्त एक चेहरा असतो.

कायदा यात काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम 25, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम 87, खेळातल्या संमतीबद्दल आहे. 18 वर्षांवरचा माणूस स्वतःच्या मर्जीने खेळायला उतरला आणि खेळताना त्याला इजा झाली, तर समोरच्यावर गुन्हा होत नाही. कायद्यातलं उदाहरण तलवारबाजीचं आहे, आणि त्यात अट आहे की खेळ गैरप्रकार न करता झालेला हवा. जबर दुखापत करण्याच्या हेतूने मारलं तर ही ढाल नाही. आणि चिथावणी देऊन दुसऱ्याकडून गुन्हा करवून घेणं, ज्याला कायद्याच्या भाषेत अपप्रेरणा म्हणतात, हाही गुन्हाच आहे.

पत्रकार याहून वेगळं काय करू शकतो, याचं उदाहरण आपल्याच क्रिकेटमध्ये आहे. 17 मार्च 1962, ब्रिजटाउन. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कानाच्या वर आदळला आणि कवटी फुटली. बदल्याच्या बातमीला लागणारं सगळं साहित्य तयार होतं. त्याच सामन्यात पंचांनी ग्रिफिथचा एक चेंडू फेकी गोलंदाजी म्हणून नोबॉल ठरवला होता! कॉन्ट्रॅक्टरला तातडीने रक्त हवं होतं. ते द्यायला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिलं. आणि त्या यादीत एक पत्रकारही होता. मुंबईच्या टाइम्सचे क्रिकेट लेखक के. एन. प्रभू.

कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. ग्रिफिथला त्यांनी कधी दोष दिला नाही. साइटस्क्रीन नव्हता आणि पॅव्हेलियनमधली खिडकी कुणीतरी उघडली, त्यामुळे लक्ष विचलित झालं, असं ते सांगत आले. भारत ती मालिका 5-0 ने हरला. वचपा निघाला तो नऊ वर्षांनी, 1971 मध्ये, अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये जाऊन मालिका जिंकली तेव्हा. त्यासाठी दिलीप सरदेसाईंच्या 642 आणि सुनील गावसकरांच्या 774 धावा लागल्या. कुणाचं डोकं फुटलं नाही.

कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी 60 वर्षांनी, 2022 मध्ये, मुंबईत शस्त्रक्रिया करून काढली. आणि बंगालची क्रिकेट संघटना आजही 3 फेब्रुवारीला वॉरेलच्या नावाने रक्तदान शिबिर भरवते.