तीन पराभवांनंतर

खेळात जय आणि पराजय ही दोन्ही यावयाचीच, हे वाक्य आपण बक्षीस-समारंभात दरसाल ऐकतो. ज्याच्या हाती ढाल येते त्याला ते जितके गोड वाटते, तितकेच ते रिकाम्या हाताने परतणाऱ्याला फोल वाटते. परंतु हंगामाच्या आरंभीच वारंवार हरलेला संघ अखेरीस पहिला कसा येतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. अशी गोष्ट घडली म्हणजे लोक तिला दैवाचा खेळ म्हणून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात अशा तीन खऱ्या हंगामांची हकीकत देऊन, त्यांत दैवाचा भाग किती आणि हिशेबाचा व कष्टाचा भाग किती, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचा विचार आहे.

प्रथम सामन्यांच्या पद्धतीविषयी दोन शब्द. आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत हुतुतूचे, म्हणजे आता ज्याला सर्वत्र कबड्डी म्हणतात त्या खेळाचे, सामने गावोगावी भरतात. त्यांपैकी पुष्कळ बाद पद्धतीचे असतात. जो संघ एकदा हरला त्याने सामान आवरून घरची वाट धरावयाची. या पद्धतीत हरल्यावर सावरण्याला जागाच नाही. दुसरी पद्धत साखळीची. तीत प्रत्येक संघ आपल्या गटातील इतर सर्व संघांशी खेळतो, प्रत्येक सामन्याचे गुण मांडले जातात, आणि शेवटी बेरीज करून क्रम लावितात. बाद पद्धतीत एका दिवसाचा न्याय होतो, साखळीत संपूर्ण हंगामाचा. पुष्कळ मोठ्या स्पर्धांत या दोहोंचा मेळ घातलेला असतो : प्रथम साखळी, आणि तीत वरचे स्थान मिळविणाऱ्या मोजक्या संघांत पुढे बाद पद्धतीचे सामने. उशिराने सावरलेल्या संघाची नवलकथा बहुधा या मेळातूनच जन्म घेते.

क्रिकेटमधील रणजी करंडकाची रचना अशीच आहे. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी मुंबईने ती जिंकली. पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे हा करंडक मुंबईकडून हलला नाही. असा ज्या संघाचा लौकिक, त्याच्या दृष्टीने हरणे म्हणजे केवळ एक सामना गमावणे नव्हे. वडिलधाऱ्यांनी मिळविलेल्या नावाला बट्टा लावण्यासारखेच ते असते. २००६-०७ च्या हंगामात नेमके तेच घडले. त्या वर्षी संघाचे नायकत्व अमोल मुझुमदार यांजकडे व मार्गदर्शकाचे काम प्रवीण आमरे यांजकडे होते. हंगाम सुरू झाला आणि मुंबईचा संघ पहिले तीनही सामने हरला.

साखळीच्या हिशेबात याचा अर्थ काय, तो पाहू. रणजी सामन्यात निर्णायक विजय मिळविणाऱ्यास सर्वांत अधिक गुण मिळतात. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याच्या पदरात काही गुण पडतात, आणि मागे राहिलेल्यास त्याहून थोडे. त्या वर्षी गटातील पहिल्या दोनच संघांना उपांत्य फेरीत प्रवेश होता. तेव्हा तीन सामने गमावलेल्या संघाला पुढे नुसते न हरणे पुरेसे नव्हते. उरलेल्या मोजक्या सामन्यांतून मोठे गुण वेचून काढणे त्याला भाग होते. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूची होती. गेलेले सामने हंगामाच्या आरंभीचे होते, शेवटचे नव्हते. बेरजेतील पहिले आकडे लहान पडले असले, तरी बेरीज अद्याप पुरी व्हावयाची होती. मुंबईने ती पुरी केली आणि उपांत्य फेरी गाठली. रोहित शर्मा हा पुढे जगाला ठाऊक झालेला फलंदाज मुंबईकडून रणजी सामन्यांत प्रथम उतरला तो याच हंगामात.

उपांत्य सामना वडोदरा येथे बडोद्याच्या संघाशी झाला. त्यात मुंबईच्या दुसऱ्या डावाचा आरंभ असा झाला की, तसा दाखला मोठ्या क्रिकेटमध्ये क्वचितच सापडेल. फलकावर धावसंख्या शून्य आणि पाच गडी बाद! आघाडीचे पाचही फलंदाज एकही धाव न काढता परतले. वाचकांनी क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानी घ्यावा. ज्यांच्यावर संघाची सारी भिस्त, ते सर्व संपले होते. आणि त्यानंतर त्या डावात जेवढ्या धावा झाल्या, तेवढ्या सर्व खालच्या क्रमांकाच्या गड्यांनी जमविल्या. त्या फार नव्हत्या. परंतु पुरेशा ठरल्या. मुंबईने तो सामना ६३ धावांनी जिंकला.

अंतिम सामना फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर बंगालच्या संघाशी झाला. मुंबईने पहिल्या डावात ३२० धावा केल्या. त्यांत सचिन तेंडुलकरांचे शतक होते. झहीर खानच्या गोलंदाजीपुढे बंगालचा पहिला डाव १४३ धावांत आटोपला. मुंबईने दुसऱ्या डावात २९४ धावांची भर घातली. बंगालनेही दुसऱ्या डावात ३३९ धावा काढून शर्थ केली. परंतु १३२ धावांचे अंतर उरलेच. ज्या संघाने पहिले तीन सामने गमावले होते, त्याने आपला सदतिसावा रणजी करंडक उचलला.

आपल्या भागातील मुलांना या हंगामाचे मर्म समजावयाला एक नेहमीचा देखावा पुरे आहे. कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणारी आगगाडी थांबली म्हणजे तिच्या शेपटाला जादा एंजिने जोडतात; रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. पुढे बोरघाटाचा चढ आहे. कोठे कोठे तो सदतीस फुटांत एक फूट इतका खडा आहे, आणि इतका भार घेऊन तो चढणे पुढच्या एंजिनाला एकट्याने झेपत नाही. ही मागची एंजिने गाडीला लोटीत लोणावळ्यापर्यंत नेतात. गाडी पुण्यास पोहोचली म्हणजे त्यांची आठवण कोणी काढीत नाही. परंतु ती नसती तर गाडी पळसदरीच्या पुढे कशी गेली असती? वडोदऱ्याच्या सामन्यात मुंबईच्या खालच्या फळीने हेच बँकरचे काम केले. सपाटीवर मागच्यांची योग्यता दिसत नाही. ती चढावर दिसते.

असे प्रसंग केवळ आपल्याच देशात किंवा एकाच खेळात घडतात असे नाही. ऑस्ट्रेलिया देशात रग्बी लीग नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. प्रत्येक बाजूस तेरा गडी असतात. चेंडू हाती घेऊन एक गडी प्रतिपक्षाच्या हद्दीकडे धावतो आणि प्रतिपक्षाचे गडी त्याला धरून खाली पाडतात. सहा वेळा असा पाडला गेला की चेंडू दुसऱ्या बाजूस द्यावा लागतो. चढाई करणाऱ्यास धरून ठेवण्याची ही कला हुतुतू खेळणाऱ्या मुलांस सहज उमजेल. या खेळाच्या २०१५ च्या हंगामात नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज नावाचा संघ पहिले तीन सामने हरला. त्यानंतर तो ओळीने अकरा सामने जिंकला आणि अंतिम सामन्यात ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या संघासमोर उभा राहिला. तेथेही वेळ संपता संपता तो चार गुणांनी मागे होता. अगदी शेवटच्या क्षणी काइल फेल्ट याने चेंडू रेषेपार टेकवून बरोबरी साधली. विजयाची किक मारण्याची संधी नायक जॉनाथन थर्स्टन याला मिळाली. पण चेंडू खांबावर आदळून परत आला. जादा वेळात मात्र त्याच थर्स्टनने एक गुण मिळविला, आणि १७ विरुद्ध १६ अशा गुणांनी त्या संघाने आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. चुकलेल्या किकनंतर पुन्हा पाय उचलणारा तोच मनुष्य होता, हे विसरू नये.

आता पुन्हा मुंबईच्या त्या नायकाकडे वळू. १९८८ साली हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर व कांबळी या दोन मुलांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार होता. त्याची पाळी आलीच नाही. १९९४ साली रणजी सामन्यांतील पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात इतकी मोठी खेळी तोवर जगात कोणी केली नव्हती. पुढे वीस वर्षांत त्याने प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमविल्या. तथापि भारताच्या संघातून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळण्याचा योग त्याला आला नाही. कष्टाचे फळ मागितलेल्या स्वरूपातच मिळते असे नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

हेच मुझुमदार २०२३ साली भारताच्या महिला संघाचे मुख्य मार्गदर्शक झाले. २०२५ च्या विश्वचषक स्पर्धेत भारताने पहिले दोन सामने जिंकले, आणि मग दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने गमावले. येथे पराभव हंगामाच्या मध्यावर आले होते आणि साखळीतले दोनच सामने उरले होते. त्यांपैकी न्यूझीलंडविरुद्धचा भारताने जिंकला, बांगलादेशाविरुद्धचा पावसाने धुऊन नेला. आणि आठ संघांत चौथे, म्हणजे उपांत्य फेरीला पात्र होणारे शेवटचे, स्थान भारताला मिळाले. उपांत्य सामन्यात तोवर अजिंक्य असलेल्या ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून भारताला विजय मिळवून दिला. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघातून वगळण्यात आले होते. नव्या मुंबईत नेरूळ येथील मैदानावर २ नोव्हेंबर रोजी अंतिम सामना झाला. प्रतिका रावल जखमी झाल्यामुळे आयत्या वेळी बोलाविलेल्या शफाली वर्माने ८७ धावा केल्या, दीप्ती शर्माने ५८ धावा करून पाच गडी बाद केले, आणि हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून भारतीय महिलांना पहिला विश्वचषक मिळवून दिला.

या तीन हकीकतींवरून काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट हिशेबाची. जोवर सामने उरले आहेत तोवर बेरीज पुरी झालेली नसते. आणि साखळी संपून बाद फेरी सुरू झाली की मागचे सर्व गुण पुसले जाऊन पहिला व चौथा एकाच रेषेवर उभे राहतात. याला कोणी अन्याय म्हणतील, आणि त्यात काही तथ्यही आहे. साखळीत एकही सामना न हरलेला ऑस्ट्रेलियाचा संघ एका दिवसाच्या पराभवाने घरी गेला. परंतु नियम सर्वांना आरंभीच ठाऊक होते. नियमाने ठेवलेले दार उघडे असते एवढेच. त्यातून आत जाण्याचे श्रम ज्याचे त्यानेच करावयाचे असतात. दुसरी गोष्ट माणसांची. ज्यांच्यावर कोणाची नजर नव्हती अशी माणसे, खालच्या क्रमांकाचा फलंदाज, वगळलेली मुलगी, आयत्या वेळी आलेली खेळाडू, ही सर्व आपापले काम करण्यास सज्ज होती. बोलावणे येईल की नाही हे त्यांच्या हाती नव्हते. सज्ज असणे मात्र त्यांच्याच हाती होते.

यावरून आरंभी हरणे चांगले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आरंभी तीन सामने हरणाऱ्या संघांपैकी बहुतेक मागेच राहतात, आणि त्यांची हकीकत कोणी लिहीत नाही. जो विद्यार्थी सहामाहीपर्यंत पुस्तक उघडीत नाही आणि वार्षिक परीक्षेत चमत्काराची वाट पाहतो, त्याला या लेखाचा आधार घेता येणार नाही. मुंबईचा संघ तीन सामने हरला तो मैदानात उतरून हरला, घरी बसून नव्हे.

शेवटी पालकांस एक विनंती. सहामाहीचे गुण पाहून पुष्कळ घरांत कठोर बोलणी होतात; क्वचित मुलाची, आणि त्याहून अधिक वेळा मुलीची, शाळा सोडविण्याची भाषाही निघते. शाळेचे वर्ष हा बाद पद्धतीचा सामना नव्हे. ती साखळी आहे. तीन विषयांत मागे पडलेल्या मुलाचे पुढचे सामने अद्याप बाकी असतात, आणि त्याच्यापुढे घाट असतो. अशा वेळी त्याला एंजिन बदलण्याची धमकी नको असते. मागून लोटणारे एक जादा एंजिन हवे असते. रात्री अर्धा तास त्याच्याजवळ बसणे, चुकलेले गणित त्याच्याकडून पुन्हा सोडवून घेणे, एवढे कोणत्याही घरी करता येण्याजोगे आहे. त्याला स्वतःच्या शिक्षणाचीही अट नाही. घाटमाथा गाठल्यावर गाडी आपल्या बळाने धावते.