बाथरूमची गळती: मिस्त्रीला बोलावण्याआधी

जव्हार-मोखाडेकरांनो, भिंतीला ओल दिसली की "सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील" हे ऐकून लगेच घाबरू नका. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंत कोरडी असते कुणाची! त्या दिवसांत काढलेला खर्चाचा अंदाज बहुधा फुगलेलाच. दिवाळीनंतर बघा. पाऊस थांबून महिना झाला तरी डाग ओलाच असेल, तर संशय बाथरूमवर घ्यायचा.

आधी नळाची लाइन. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करा, टाकीतल्या पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर भिंतीतला पाइप, शॉवरचा जोड नाहीतर एखादा नळ गळतोय. जागेवर असेल तर फरशी तपासा. नहाणी ट्रॅपमध्ये पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, इंचभर पाणी साठवा, कडेला पेन्सिलची रेघ मारा आणि 24 तास थांबा. पाणी रेघेच्या बरंच खाली गेलं तर फरशी गळतेय. 4 बाय 6 फुटांच्या बाथरूमला इंचभर म्हणजे साधारण 57 लिटर पाणी लागतं. मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हा प्रयोग कोण करणार? म्हणून दिवाळीचा मुहूर्त.

टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ वाजतील त्यांवर खडूने फुली. नुसती सांध्यांतली भर निघाली असेल तर फोडाफोड कशाला?

टब असलाच (आपल्याकडे एखाद्या बंगल्यात!), तर पाणी भरूनच कडेचा सिलिकॉन बघा. वजनाने टब दबतो तेव्हाच फट उघडते.

मिस्त्रीला आधी डागाचे आणि फुल्यांचे फोटो पाठवा; काढताना शेजारी मोजायची टेप धरा. मिस्त्री नाशिकहून येणार असेल तर तो खेपेचेही पैसे लावतो.