मतदान केंद्राबाहेरचा प्रश्न

१९५२ साली झाशी जिल्ह्याने रघुनाथ विनायक धुळेकर यांना लोकसभेवर पाठविले. त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि आडोशामागे कागद कोणत्या पेटीत पडला हे मतदारावाचून कोणास कळत नसे. ही गुप्तता कायद्याने राखलेली आहे. मतदानोत्तर चाचणी तीच मतदाराकडून, त्याच्या खुशीने, मागून घेऊ पाहते.

१९६७ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यात वॉरन मिटोफ्स्की यांनी बाहेर पडणाऱ्या मतदारांनाच विचारण्याची पद्धत राबविली. भारतात १९९६ साली दूरदर्शनसाठी सी.एस.डी.एस. ह्या संस्थेने अशी चाचणी घेतली. काही केंद्रे निवडावयाची आणि दारातून येणाऱ्या दर अमुकाव्या माणसास गाठावयाचे, इतकीच तिची कृती. तोंडी उत्तराचा संकोच वाटू नये म्हणून पुष्कळदा लुटुपुटीची मतपत्रिका देऊन ती पेटीत टाकावयास सांगतात. तरीही समोरच्या पारावर गावचा वजनदार माणूस बसला असेल, तर अनोळखी पाहुण्याला खरे सांगण्याचे धाडस किती जण करतील? कोणी नकार देतो, कोणी जिंकणाऱ्याचे नाव सांगून मोकळा होतो. अशी माणसे सर्व पक्षांत सारखी विखुरलेली असती, तर चिंता नव्हती.

२० मे २०२४ रोजी बुंदेलखंडातील झाशी, जालौन, हमीरपूर आणि बांदा येथे एकाच दिवशी मतदान झाले. पुढच्या टप्प्यांतील मतदारांवर परिणाम होऊ नये म्हणून लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १२६-अ असे अंदाज रोखून धरते. भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. त्यामुळे १ जूनच्या संध्याकाळपर्यंत सारे मौन होते. मग बहुतेक अंदाजांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या. ४ जूनला निघाल्या २९३.

चूक केवळ मतदाराच्या जिभेवर नव्हती. निव्वळ यदृच्छेने निवडलेल्या हजार माणसांच्या नमुन्यातही सुमारे तीन टक्क्यांची खोट राहते. शिवाय एका केंद्रावरील माणसे बहुधा एकाच वस्तीतील असल्याने ती आणखी वाढते. त्यानंतर मतांचे जागांत रूपांतर करावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. उत्तर प्रदेशात भारतीय जनता पक्षास सुमारे ४१ टक्के मते व ३३ जागा मिळाल्या. समाजवादी पक्षाने कमी जागा लढवून सुमारे ३४ टक्के मतांत ३७ जागा घेतल्या. मित्रपक्षांची मते कोठे एकवटली, हे राज्याच्या सरासरीत दिसत नाही.

२०१९ मध्ये बुंदेलखंडातील ह्या चारही जागा भारतीय जनता पक्षाच्या होत्या. २०२४ मध्ये झाशी लाखाहून अधिक मताधिक्याने त्याच्याकडेच राहिली. शेजारच्या तिन्ही समाजवादी पक्षाकडे गेल्या. झाशीच्या दारात प्रत्येकाने अगदी खरे सांगितले असते, तरी हमीरपूरचा निकाल त्यातून निघाला नसता. तेथील जागा सुमारे अडीच हजार मतांनी फिरली होती.