चौकोन कसला, ते आधी सांगा

‘हा पैशांचा आहे की मेनूचा?’ टेबलावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून विचारलेला हा प्रश्न हल्ली शहरातल्या हॉटेलांत सर्रास ऐकू येतो. विचारणारा अडाणी नसतो. २०१६ साली यूपीआय सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत भाजीच्या गाडीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत क्यूआर कोड लागले, ते पैसे घेण्यासाठी. त्यामुळे असा चौकोन दिसला की बोट आपसूक पेमेंटच्या ॲपकडे जातं. ते ॲप मेनूचा कोड बहुधा नाकारतं. ‘चालत नाहीये’ म्हणत गिऱ्हाईक फोन खाली ठेवतं आणि वेटरला हाक मारतं. कोड बरोबर, लिंक बरोबर, छपाई सुबक. तरी पाटी नापास.

चौकोन तयार करणं हा या कामातला सगळ्यांत सोपा भाग. ते दोन मिनिटांत आणि फुकटात होतं. म्हणूनच बहुतेक मालक तिथेच थांबतात आणि बाकीचं छपाईवाल्यावर सोडतात. छपाईवाला आपल्या परीनं ते सजवतो: वर हॉटेलचं नाव, खाली वाफाळत्या कपाचं चित्र, मधे कोड, त्याखाली इंग्रजीत ‘स्कॅन मी’. आता कशासाठी स्कॅन करायचं, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

खरं तर आपल्याकडे मेनू सांगण्याच्या जुन्या पद्धती फार सोयीच्या होत्या. खानावळीत वेटर यायचा आणि एका दमात भाज्या म्हणून दाखवायचा. इराण्याकडे टेबलाच्या काचेखाली छापील कागद सरकवलेला असायचा. मान खाली घातली की भाव दिसले. भिंतीवरच्या फळ्यावर ‘आजचे पदार्थ’ खडूनं लिहिलेले असत आणि संपलेला पदार्थ फडक्यानं पुसला जाई. यातल्या एकाही पद्धतीत गिऱ्हाइकाला काही करावं लागत नव्हतं. मेनू दिसण्याआधी गिऱ्हाइकालाच कामाला लावणारी ही पहिलीच पद्धत. फोन काढा, कॅमेरा उघडा, नेम धरा, वर येणाऱ्या पट्टीवर बोट ठेवा, पान उघडेपर्यंत थांबा. भुकेल्या माणसाला इतकं सांगायचं असेल तर ते नीट आणि थोडक्यात सांगायला हवं. पाटीचं काम एवढंच, आणि तेच अवघड.

ही पद्धत आपल्याकडे रुळली ती कोविडमुळे. महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेनं हॉटेलं पुन्हा उघडली, तेव्हा दहा हातांतून फिरलेलं लॅमिनेटेड मेनूकार्ड कुणालाच नको होतं. पुढे भीती ओसरली, तरी स्टँड टेबलावर राहिले. कारण उघड आहे: तेलाचा भाव वाढला की मेनू पुन्हा न छापता वड्याचा दर बदलता येतो. ही झाली मालकाची सोय. गिऱ्हाइकाला यातून काय मिळणार, हे मात्र पाटीवर क्वचितच लिहिलेलं असतं.

म्हणून सुरुवात शब्दांपासून करावी. पाटीवरचा सर्वांत मोठा शब्द हॉटेलचं नाव नसावा. आपण कुठे बसलोय हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. सर्वांत मोठा शब्द ‘मेनू’. त्याखाली एक ओळ: ‘फोनचा कॅमेरा उघडून या चौकोनावर धरा.’ यात ‘कॅमेरा’ शब्द मोलाचा, कारण तोच हाताला पेमेंटच्या ॲपपासून वळवतो. अलीकडच्या बहुतेक फोनांत साधा कॅमेराच कोड वाचतो, वेगळं ॲप लागत नाही. आयफोनात ही सोय २०१७ पासून आहे. कोडाच्या खाली तिसरी ओळ: ‘छापील मेनू हवा असल्यास वेटरला सांगा.’ ही ओळ लिहायला मालक कचरतात. त्यांना वाटतं, मग सगळेच कार्ड मागतील. मागू देत. ज्यांच्या फोनची बॅटरी संपली आहे, ज्यांचा चष्मा घरी राहिला आहे, किंवा ज्यांना जेवताना फोन नकोच आहे, त्यांना मागायला संकोच वाटू नये इतकाच त्या ओळीचा अर्थ. आणि पैशांचा कोड मेनूच्या पाटीवर छापूच नये. तो गल्ल्यावर किंवा बिलाच्या फोल्डरमध्ये असावा, वेगळ्या रंगात. एकाच स्टँडवर दोन्ही कोड शेजारी शेजारी छापण्याची काटकसर अनेकांनी केली आहे. कॅमेरा दोन्ही कोड एकदम पाहतो आणि भलताच उचलतो.

भाषा कुठली? जी टेबलावर बोलली जाते ती आधी. पुण्यातल्या मिसळीच्या दुकानात मराठी वर, इंग्रजी खाली. गोव्यातल्या किनाऱ्यावर क्रम उलटा चालेल. तीन-तीन भाषांत तीन-तीन ओळी केल्या की नऊ ओळी होतात आणि एकही वाचली जात नाही.

आता आकार. कामचलाऊ नियम असा की कोड जितक्या अंतरावरून वाचायचा, त्याच्या एक दशांश त्याची बाजू असावी. टेबलावर फोन साधारण ३५-४० सेंटिमीटरवर धरला जातो, म्हणजे चार सेंटिमीटरचा कोड पुरतो. मंद दिव्यांचं हॉटेल असेल तर पाच करा. फार छोटा कोड केला की माणूस फोन जवळ नेतो, आणि आजच्या बऱ्याच फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याला फार जवळचं धूसर दिसतं. जितकं जवळ न्यावं तितकं बिघडतं.

पण सेंटिमीटर ही निम्मीच गोष्ट. आतले ठिपके किती बारीक आहेत हे लिंकच्या लांबीवर ठरतं. मध्यम दर्जाची दुरुस्तीक्षमता (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता येण्याची सोय) धरली तर २६ अक्षरांची लिंक २५ बाय २५ घरांच्या जाळीत मावते. शंभर अक्षरांची झाली की ४१ बाय ४१ घरं लागतात. चार सेंटिमीटरच्या कोडात पहिल्या जाळीचं घर १.६ मिलिमीटरचं, दुसऱ्या जाळीचं जेमतेम एक मिलिमीटरचं. स्वस्त फोन, तेलकट बोटं लागलेली लेन्स आणि डोक्यावर पिवळा दिवा असेल तर हा फरक कळतो. मराठीप्रेमी मालकांसाठी एक सावधगिरीची सूचना: लिंकच्या शेवटी देवनागरीत ‘मेनू’ लिहिलं तर वेबच्या पत्त्यात त्या चार चिन्हांची ३६ अक्षरं होतात. मराठी पाटीवर ठळक लिहावं, लिंकमध्ये नको.

कोडाच्या तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांशी मात्र कुणी खेळू नये, आणि त्याला इतिहास आहे. डेन्सो या जपानी कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. बारकोडात फार थोडी माहिती मावायची. एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगार ते स्कॅन करून वैतागत. ‘गो’ या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून हारांना जाळीची कल्पना सुचली. प्रश्न राहिला तो यंत्राला कोड चटकन सापडावा कसा याचा. त्यासाठी त्यांनी मासिकं, पत्रकं, पुठ्ठ्याची खोकी अशी नाना छापील सामग्री तपासली आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छपाईत सर्वांत कमी आढळणारं प्रमाण शोधून काढलं: १:१:३:१:१. कोपऱ्यातल्या चौकोनाच्या मध्यातून कुठल्याही दिशेनं रेघ मारा, हेच प्रमाण मिळतं. त्यावरूनच फोनला कळतं की इथे कोड आहे आणि त्याची वरची बाजू कुठली. डेन्सोनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांवर त्याचा हक्क बजावला नाही. म्हणून आज तुमच्या कोपऱ्यावरचा डोसेवालाही तो फुकट वापरतो. तेव्हा त्या कोपऱ्यांचे मोदक किंवा केळीची पानं करण्याचा मोह आवरावा. भोवतीची कोरी जागाही तितकीच गरजेची: चारही बाजूंना किमान चार घरांएवढी. नक्षीदार चौकट कोडाला भिडवली की यंत्राला त्याची कड सापडत नाही.

मधोमध हॉटेलचा लोगो बसवता येतो, कारण कोडात दुरुस्तीची सोय असते. तिच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. पण ही सोय आहे डाग, ओरखडे आणि घड्या सोसण्यासाठी. सगळी शिल्लक लोगोवर उडवली, तर तांबडा रस्सा सांडल्यावर हाती काय राहणार? लोगो लहान ठेवा, किंवा कोडाच्या बाहेर ठेवा. मी तर बाहेरच ठेवा म्हणेन. रंगाचं म्हणाल तर गडद ठिपके, फिकी पार्श्वभूमी. उलटं केलेला, म्हणजे काळ्यावर पांढरा कोड काही फोन वाचतात, काही नाही.

टेबलावर सपाट चिकटवलेला स्टिकर स्वस्त पडतो आणि चोरीलाही जात नाही. त्याच्यावर मात्र पहिली प्लेट येते. शिवाय टेबल दिवसभर ओल्या फडक्यानं पुसलं जातं. स्टिकरचे कोपरे सुटतात आणि त्यांच्याखाली हळद जमते. उभा स्टँड बरा. चकचकीत ॲक्रिलिकवर वरच्या दिव्याची तिरीप नेमकी कोडावर पडते, म्हणून कागदाला मॅट लॅमिनेशन करावं आणि स्टँड किंचित मागे कललेला असावा. चौघांच्या टेबलावर एकतर्फी स्टँड म्हणजे निम्म्यांना पाठ. घराच्या छपरासारख्या उतरत्या तंबूकार्डाच्या दोन्ही बाजूंना कोड छापावा. जिथे थाळीखेरीज टेबलावर बोटभर जागा उरत नाही, तिथे टेबलालगतच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला पाटी लावलेली उत्तम.

पाटीनं गिऱ्हाइकाला मेनूपर्यंत आणलं आणि पुढे दारच बंद, असं अनेकदा होतं. कोड उघडतो तो छापील कार्डाचा फोटो काढून केलेली अवजड पीडीएफ. चिमटीनं मोठी करत, डावी-उजवीकडे सरकवत भाव शोधायचा. तळघरातल्या हॉटेलात तर नेटवर्कही नसतं. तिथे वाय-फायचा कोड पाटीवर वेगळा द्यावा लागेल आणि त्यावर ‘आधी हे’ असं लिहावं लागेल. त्यापेक्षा छापील कार्डच द्यावं हे शहाणपणाचं.

काही ठिकाणी मेनूच्या आधी मोबाइल नंबर मागतात, मग ओटीपी. चहा पिण्यासाठी ओळखपत्र मागण्याचाच हा प्रकार. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुकानदारांना सांगितलं होतं की नंबर दिल्याशिवाय सेवा देणार नाही, असा आग्रह धरू नका. त्या सूचनेची आठवण हॉटेलवाल्यांनीही ठेवायला हरकत नाही. भाव बघू द्या. माणसाला जेवण आवडलं तर नंबर तो आपणहून देईल.

छपाईआधीचा आणखी एक निर्णय पैशांचा आहे. काही कंपन्या मधल्या दुव्याचा कोड देतात: कोड त्यांच्या पत्त्यावर जातो, तिथून तुमच्या मेनूवर. मेनूचं पान बदललं तरी कोड तोच राहतो, किती जणांनी पाहिला तेही कळतं. पण वर्गणी थकली की सगळ्या टेबलांवरचे कोड एकाच दिवशी मरतात, बहुधा रविवारच्या गर्दीत. स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घेऊन कोड त्यावर नेला तर ही दोरी आपल्या हातात राहते.

आणि कोड माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही, हे ठगांनाही ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरचे पैसे घेण्याचे कोड बदलून दुसऱ्याच खात्याचे चिकटवल्याची घटना उजेडात आली. मेनूच्या कोडावर असा कागद डकवून गिऱ्हाइकाला भलत्याच पानावर नेणं तितकंच सोपं. म्हणून कोडाखाली वेबपत्ता वाचता येईल असा छापावा. स्कॅन केल्यावर फोनवर दिसणाऱ्या पत्त्याशी तो ताडून पाहता येतो. सकाळी टेबलांवर मीठदाण्या भरताना पोऱ्यानं प्रत्येक स्टँडवरून अंगठा फिरवावा, वर काही चिकटवलेलं असेल तर लगेच लागतं. दोन-तीन कोड उघडूनही पाहावेत, शक्यतो मालकाच्या महागड्या फोनवर नव्हे, पोऱ्याच्याच फोनवर. आणि कोड बदलायची वेळ आलीच तर जुने स्टँड सगळे एकाच दिवशी उचलावेत. खिडकीजवळच्या टेबलावर जुनी पीडीएफ आणि आतल्या टेबलावर नवी असं राहिलं, तर एकाच हॉटेलात मिसळीचे दोन भाव चालतात, आणि गल्ल्यावर जुनाच भाव खरा ठरवून घेणारं गिऱ्हाईक हमखास येतं.