दुखतो गुडघा, दिसतं पाणी

मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरी, चकचकीत, सुरीने कापता येईल अशी टोपी असते ना, ती कूर्चा. आपल्या गुडघ्यातही हीच असते: मांडीच्या हाडाच्या टोकाला, नडगीच्या माथ्यावर आणि वाटीच्या मागच्या बाजूला. जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. वाटीमागची मात्र पाच-सहा मिलिमीटरपर्यंत जाते. अख्ख्या शरीरात एवढी जाड कूर्चा दुसरीकडे नाही.

गंमत म्हणजे तिच्यात ना रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. त्यामुळे झिजली तरी ती स्वतः दुखत नाही आणि झीज सहसा भरूनही निघत नाही. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ‘गेलेली कूर्चा भरून येत नाही’ हेच सांगितलं होतं, आणि वर हेही की हिपोक्रॅटिसच्या काळापासून सगळे हेच म्हणत आलेत. त्यालाही आता पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली.

एक्स-रेत ही बाई दिसतच नाही. दिसतात ती हाडं आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. ‘गॅप कमी झालीय’ असं डॉक्टर म्हणतात तो अंदाज असतो, कूर्चेचं दर्शन नव्हे. झिजेसाठीचा एक्स-रे उभं राहून काढायला सांगतात तोही याचसाठी. आडवं झाल्यावर गुडघ्यावर भार नसतो आणि गॅप उगाच बरी दिसते.

एफएमच्या जरा पलीकडे

एमआरआयला कूर्चा दिसते, कारण तिच्यात वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. यंत्र पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना चुंबकात उभं करतं, रेडिओलहरींनी डिवचतं आणि त्यांचं उत्तर ऐकतं. दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट ताकदीचा असतो. तीन टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजन उत्तर देतो तो १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपली एफएमची पट्टी १०८ ला संपते, म्हणजे गुडघा तिथून थोडाच पुढे लागतो! खोलीच्या भिंतींत तांब्याचे पत्रे मढवलेले असतात ते बाहेरचे रेडिओ संदेश मध्येच घुसू नयेत म्हणून.

या विद्येच्या सुरुवातीच्या गोष्टीत एक शिंपलाही आहे. संशोधक पॉल लॉटरबर यांना चुंबकातून चित्र काढायची कल्पना १९७१ मध्ये पिट्सबर्गजवळ हॅम्बर्गर खाताना सुचली. पहिलं चित्र पाण्याने भरलेल्या दोन नळ्यांचं. जिवंत प्राण्याचं पहिलं चित्र त्यांच्या मुलीने किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या चिमुकल्या शिंपल्याचं, कोकणातल्या भाषेत तिसरीचं. ‘नेचर’ नियतकालिकाने त्यांचा लेख आधी परत पाठवला, मग १९७३ मध्ये छापला. २००३ मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. जिवंत माणसाच्या छातीचं पहिलं चित्र १९७७ च्या जुलैत जवळपास पाच तास खपून काढणारे रेमंड डमाडियन नोबेलमधून वगळले गेले. गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या.

उठाबशा काढा आणि मोजा

कूर्चेचे अभ्यासक फेलिक्स एकस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांकडून उठाबशा काढून घेतल्या आणि लगेच त्यांना एमआरआयमध्ये सरकवलं. वाटीमागच्या कूर्चेचं आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरलं. दाबाने पाणी बाहेर गेलं होतं. ते पूर्ववत व्हायला दीड तासाहून जास्त वेळ लागला. शाळेत मास्तरांनी काढायला लावलेल्या उठाबशांचा हिशेब असा मिलिमीटरच्या अंशांत लागला असता, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! संशोधनासाठी कूर्चा मोजायची तर माणसाला आधी थोडा वेळ नुसतं बसवून ठेवतात, ते याच कारणाने.

व्यायामाने दंड फुगतात, पण कूर्चा फुगत नाही. वर्षानुवर्षं ट्रायथलॉन करणाऱ्यांची आणि खुर्चीत बसून राहणाऱ्यांची कूर्चा याच मंडळींनी मोजली, तर जाडीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उलट दिशेने मात्र फरक पडतो. मणक्याच्या इजेमुळे पाय निकामी झालेल्यांची कूर्चा वर्षभरातच पातळ झालेली दिसली. तिला ना रक्त मिळतं ना दुसरं काही. चालताना दाब पडून आणि सुटून जो द्रव आत-बाहेर होतो, त्यावरच तिचं पोट भरतं.

आणि आता माझा सगळ्यांत आवडता प्रयोग. २००९ साली इटलीतल्या बारीपासून नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत ४,४८७ किलोमीटरची शर्यत झाली. ६४ दिवस, मध्ये एकही सुट्टी नाही. जर्मनीच्या उल्म विद्यापीठातल्या उवे शुट्झ यांच्या चमूने ट्रकच्या ट्रेलरवर दीड टेस्लाचं एमआरआय यंत्र चढवलं आणि धावपटूंच्या मागोमाग सगळा युरोप पालथा घातला. पहिल्या दीड ते अडीच हजार किलोमीटरमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या कूर्चेत बिघाडाच्या खुणा वाढत गेल्या. पुढे मात्र घोट्याची आणि टाचेजवळची कूर्चा धावता धावताच सावरू लागली! विश्रांती नाही, मलम नाही, रोज सत्तर किलोमीटर. ‘पळून पळून गुडघे जातात’ हे वाक्य त्यानंतर इतक्या ठामपणे म्हणवत नाही.

मीठ किती आहे?

साध्या एमआरआयमध्ये कूर्चेला पडलेली चीर किंवा खड्डा दिसतो. १९६१ मध्ये कॅनडातले शल्यविशारद आउटरब्रिज यांनी झिजेच्या चार पायऱ्या ठरवल्या. मधल्या दोन पायऱ्यांतला भेद त्यांनी अर्ध्या इंचाच्या रुंदीवर केला होता. आता खोली बघतात: निम्म्याहून कमी गेली तर दोन, निम्म्याहून जास्त गेली तर तीन, हाड उघडं पडलं तर चार.

पण खड्डा पडायच्या आधी काय? तिथे खरी करामत आहे. कूर्चेतले तंतू सैल झाले की पाणी मोकळं हिंडू लागतं आणि त्याचं उत्तर जास्त वेळ रेंगाळतं. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून रंगीत नकाशा काढतात, त्याला टी-टू मॅपिंग म्हणतात. दुसरी युक्ती सोडियमची. निरोगी कूर्चेत ऋण प्रभाराचे रेणू ठासून भरलेले असतात आणि ते धन प्रभाराचं सोडियम धरून ठेवतात. रेणू घटले की सोडियमही घटतं. थोडक्यात, गुडघ्यातलं मीठ मोजायचं! मात्र सोडियमचा आवाज फार बारीक, त्यामुळे सात टेस्लासारखे दांडगे चुंबक लागतात. नाक्यावरच्या सेंटरमध्ये हे मागू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

इथे जरा दम धरायला हवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या, एक्स-रे स्वच्छ असलेल्या ७१० जणांचे गुडघे एमआरआयने तपासले. २०१२ मध्ये निकाल छापून आला: ८९ टक्क्यांत काही ना काही दोष, ६९ टक्क्यांत कूर्चेचीच झीज. ज्यांचा गुडघा कधी कुरकुरलाही नाही, त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेवढंच. त्याच गावातल्या २००८ च्या अभ्यासात गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना महिनाभरात काहीच दुखलेलं नव्हतं.

मग दुखतं काय? एक संशयित कूर्चेखालच्या हाडात सापडला. २००१ मध्ये बॉस्टनचे संशोधक डेव्हिड फेल्सन यांनी झिजलेले गुडघे पाहिले. दुखणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांच्या हाडात सूज आल्यासारखे डाग होते, न दुखणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांच्या. हाडाला मज्जातंतू असतात, सांध्याच्या अस्तरालाही असतात. आणि ‘वंगण संपलंय’ म्हणत आलेल्या पुष्कळांच्या गुडघ्यात प्रत्यक्षात पाणी नेहमीपेक्षा जास्तच साठलेलं दिसतं.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेचं तर म्हणणं असं: वय ४५ च्या पुढे, हालचालीने दुखतं आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो, तर झिजेच्या संधिवाताचं निदान चित्राशिवायच करा. माझंही मत तेच. गुडघा अडकत असेल, मुरगळून झटकन सुजला असेल, शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय हवाच. नुसती हौस म्हणून काढलात, तर ‘ग्रेड टू’ हे दोन शब्द वाचून महिनाभर लंगडाल.

काढायचाच असेल तर बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना दिलासा: गुडघ्यासाठी पायाकडून आत सरकवतात, डोकं बहुतेक वेळा बाहेरच राहतं. जोडवी, पैंजण, पदराची पिन आधी काढून ठेवा, चुंबक कायम चालू असतो. भिंतीत ड्रिल मारल्यासारखा आवाज वीस-तीस मिनिटं सोसावा लागतो. हा वेळही आता कमी होईल. न्यू यॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात एक चतुर्थांश माहितीवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने गुडघ्याचं चित्र पुरं केलं. २०२० मध्ये सहा रेडिओलॉजिस्टना नेहमीची आणि अशी पुरी केलेली, दोन्ही प्रकारची चित्रं दाखवली. निदानात फरक पडला नाही आणि यंत्राने पुरी केलेली चित्रं कोणती, हे सहापैकी पाच जणांना ओळखता आलं नाही.